पट्टी ओली करून काढायची

मी उंदरांच्या खोलीत कामाला होतो. नगरच्या एमआयडीसीत औषधं तपासायची एक प्रयोगशाळा होती, तिथं. माझं शिक्षण चौथी. त्या कामाला शिक्षण लागत नव्हतं, हात हलका लागायचा.

काम सांगतो. शेतात फवारायचं औषध बाजारात येण्याआधी बघावं लागतं, की नुसतं कातड्याला लागलं तर ते किती विषारी आहे. फवारणीचा पंप गळतो, औषध माणसाच्या पाठीवरून उतरतं, हे आम्हा पारनेरकडच्यांना कोणी सांगायला नको. म्हणून पांढऱ्या उंदराच्या पाठीवरचे केस आदल्या दिवशी मशीननं काढायचे. खरचटलं की तो उंदीर बाद, कारण औषध जखमेतून सरळ आत जातं आणि तपासणी खोटी पडते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मॅडम औषध मापून लावायच्या, त्यावर जाळीचं कापड, वरून चिकटपट्टी. एक दिवस-रात्र ठेवून पट्टी काढायची, पाठ पाण्यानं पुसायची. मग पंधरवडाभर बघत बसायचं. खातो का, थरथरतो का, कातडं लाल झालं का, वजन घटलं का. शेवटी गॅस देऊन मारायचे आणि आतून तपासायचे. जगले-वाचलेलेसुद्धा. हे गोड करून सांगण्यात काही अर्थ नाही.

पट्टी काढणं माझ्याकडं होतं. ओढून काढली तर कातडं औषधानं गेलं की आपण सोललं, कळणार कसं? कापूस ओला करून पट्टी कडेकडेनं भिजवायची, एका बोटानं कातडं दाबून धरायचं, आणि पट्टी वर न उचलता मागं मागं लोळवत न्यायची. तोंडानं आपलं चालूच, "हो, हो, झालं, झालं." गाईची धार काढताना बोलतो तसं.

बायकोला या कामाची लाज वाटायची. गावात सांगायची, "औषधाच्या कंपनीत हायेत." घरी आलो की आधी अंगणातल्या नळावर उभं करायची. "आले उंदरांचे न्हावी! धुवा हात. मी हितं कणगीपाशी पिंजरा लावते, आन् तुमी तिकडं त्यांना आंघोळी घालता." मला कधी पिठाला हात लावू दिला नाही तिनं.

पण विचारायची रोज. एकदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती बैलांची खांदेमळणी करत होती. वर्षभर जू ओढून निबर झालेले खांदे हळद-तुपानं चोळून द्यायचे, अशी आमच्याकडं रीत आहे. वाटीत थोडं उरलं, तर मला म्हणाली, "हे न्या उद्या. त्यांच्या पाठीला लावा."

"अगं, हळद लागली तर सगळी तपासणी वाया. पाठ कोरी लागती."

"लई नाजूक काम! शेवटी मारताच ना?"

"व्हय."

"मंग पट्टी एवढी जपून कशाला काढायची?"

"मारायचंय म्हणून सोलायचं का?"

उरलेलं तूप तिनं माझ्याच हातांना चोळलं.

मागच्या साली ती अंथरुणाला खिळली. पोटाचा आजार. डॉक्टर म्हणाले घरी घेऊन जा, त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. पडून पडून कमरेला जखम झाली. सून बिचारी मायेनं पट्टी बदलायची, पण तिला धारांची, डब्यांची घाई, पट्टी ओढली जायची. म्हातारीचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालेलं, पट्टीबरोबर निघून यायचं. ती उशी चावायची. मी म्हटलं, "मला काढू दे."

"न्हाई. उंदरांचे हात नका लावू मला."

ती लाज होती. एवढ्या संसारात तिनं मला दिवसाउजेडी कधी पाठ दाखवली नव्हती. मी ओट्यावर बसून राहायचो आणि आतून तिचं कण्हणं ऐकायचो. एका सकाळी सून कापूस घेऊन आली, तर तिला थांबवून हिनं मला हाक मारली.

"अवं, पट्टी काढताना दुखायचं का त्यांना?"

"कुनाला?"

"तुमच्या त्या लेकरांना. उंदरांना."

"मी काढली तर न्हाई."

ती कुशीवर वळली. "मंग काढा."

कोमट पाणी घेतलं. बोटं विसरली नव्हती. तोंडही विसरलं नव्हतं, "हो, हो, झालं, झालं," सुरू झालं.

"मला उंदीर समजता काय?"

"उंदीर गप पडायचे."

हसली. किती दिवसांनी हसली.

मग रोज मीच काढायचो. एकदा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मी जानारच हाय. मंग एवढं जपून कशाला?" मी कापूस परत भिजवून घेतला. तिनंच सांगितलं, "सोलायचं न्हाई. व्हय ना?"

पोळा आला. आता दावणीला बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. तरी आदल्या संध्याकाळी तिनं सुनेकडून वाटीत हळद-तूप मागून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "लावा. माझी पाठ काय तपासायची न्हाई कुनाला." जखम वाचवून मी तिचे दोन्ही खांदे चोळून दिले. लई हाडं लागली हाताला.

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळच्या चहाच्या वेळेला ती गेली. भावकीतल्या बायका आंघोळ घालायला आल्या. लुगड्याचा आडोसा धरला, मी बाहेर उभा. आत एकजण म्हणाली, "ही पट्टी ओढून टाका गं."

"थांबा," मी ओरडलो. "ती मी काढनार."

"आवं भावजी, आता काय दुखतंय तिला?"

मी आत गेलो, सुनेकडून कापूस घेतला. पाणी कोमट आहे का ते मनगटावर बघितलं, आणि कडेपासून पट्टी भिजवायला लागलो.