जागा न सोडणारी कस्तुराबाई

माझी माय कस्तुराबाई एसटीत बसली की उतरायचं गाव येईपर्यंत उठत नाही. गाडी थांबो, सगळे चहाला उतरोत, ही आपली सीट धरून बसलेली. आम्ही भावंडं तिला हसायचो. मागच्या वर्षी ते हसणं बंद झालं.

आम्ही लहान असताना, त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या आदल्या वर्षीच वडील वारले होते. भूकंपाच्या पहाटे माय मला आणि धाकट्या बजरंगला ओढत अंगणात पळाली, म्हणून आम्ही तिघं वाचलो. घर बसलं. घाबरून ती आम्हाला घेऊन चाकूरला माहेरी गेली. इकडे पंचनाम्याला साहेब आले, तर चुलत्यानं खुशाल ठोकून दिलं की वहिनी कायमची माहेरी गेली. सरकारनं बांधून दिलेल्या नव्या वसाहतीतलं आमचं घर त्याच्या नावावर झालं. माय परतली ती पाहुणी होऊन. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं, जागा सोडली की माणूस गेला.

पुढं लातुरात तिनं क्लासच्या पोरांसाठी मेस काढली आणि त्यावर आम्हाला शिकवलं. मी शाळेत शिक्षिका झाले, बजरंग इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला. पस्तिशी ओलांडली तरी मायला विचारल्याशिवाय तो फ्रीजसुद्धा घेत नाही. मी तशी नाही. मी भांडते.

मागच्या वर्षी कंपनीनं त्याला काढलं. फोनवर म्हणाला, "माय, व्हिसा कंपनीच्या जिवावर हाय. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली तर बरं, न्हाईतर बायको-पोरीला घेऊन निघावं लागतंय. मुदत उलटून राहिलो तर पुन्हा येऊ देतेत का न्हाई, सांगता येत न्हाई."

माय पांढरीफटक पडली. "हलू नगंस. तिथंच बसून ऱ्हा. जागा सोडलास की दुसऱ्याचं नाव लावतेत."

"बरं माय," तो म्हणाला.

हा ऐकणार, मला माहीत होतं. मी मायला समजावून थकले. तिथलं सरकार म्हणजे काय आपला चुलता आहे? पण ती रोज फोनवर पहिलं हेच विचारायची, "जागेवरच हाईस न्हवं?" तो हो म्हणायचा. नोकरी मिळत नव्हती. वर्गात शिकवताना मला त्याच्या दारात उभे पोलीस दिसायचे. मायचीही भूक मेली. वरणात मीठ दोनदा पडू लागलं, पोरं कुरकुरू लागली.

मुदतीचा शेवटचा आठवडा लागला आणि माझा बांध फुटला. माय पोळ्या लाटत होती. मी ओरडले, "त्या पहाटे तू घर धरून बसली असतीस तर आम्ही जगलो असतो का? घर गेलं, पण आम्ही आहोत ना?"

तिचा हात थांबला. "मला लई भ्या वाटायलंय गं शिल्पे," ती म्हणाली. असं तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग पदराला हात पुसून म्हणाली, "लाव फोन."

मी लावला.

"बजरंगा, समदं सोड. बायको-पोरीला घे अन् ये."

पलीकडे तो रडू लागला.

"माय, तिकीट कवाच काढून ठेवलंय. परवाचं हाय. तुला सांगायचा धीर होईना. मुंबईत उतरल्यावर सांगणार होतो."

मायनं फोन दोन्ही हातांनी धरला. "म्हंजी सरकारला न्हाई, मला भ्यालास?"

माय फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत उभी राहिली.