काठीवरच्या दोन खाचा

देवळीला कापूस घालून परतणारा एक गाडीवान भरदुपारी शाळेच्या दारात थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचे भाऊजी गेले. गाडी नाल्यात पडली." मी वर्ग सोडून दिला, एवढंच आठवतं... त्याला महिना होऊन गेला. या महिन्यात शामराव भाऊजींचं इतकं कौतुक कानावर आलं की, मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण ज्यानं केली त्याचे पाय धरावेसे वाटले. जिवंतपणी या माणसाला ते कौतुक करणाऱ्यांपैकी कोणी 'बस' म्हटल्याचं मला ठाऊक नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. देवळीच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर. स्वभावानं तिरसट; भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सारून उठायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं माझी बहीण त्यांच्या तोंडावर म्हणे. या व्यापारी शेठजींच्या घरी त्यांना पाणी मिळे ते वरून ओंजळीत ओतून. शेठजींच्या गाडीला मात्र त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात चालत नसे.

नागपूरच्या दीक्षेला आमची सगळी वस्ती पायी निघाली, तेव्हा भाऊजींची आई अडून बसली. तिचे गुडघे गेलेले. "मले तिथं नेजो शामा, नाई तं मी मेली असं समज." तिच्यासारखी आणखीही म्हातारी माणसं होती. भाऊजींनी शेठजींकडे पिकअप मागितली. गाडीच्या पोटाला दगड लागला तर नोकरी गेली समज, या बोलीवर ती मिळाली. अडचण आमच्या वाटेचीच होती. बैलगाड्यांच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या, मधे मातीचा उंच वरंबा, आणि गाडी पुढून बुटकी; रिकामी कशीबशी आली, माणसं भरल्यावर टेकली असती.

त्या पिकअपला पुढच्या बाजूला धक्के झेलणाऱ्या कमानी नव्हत्या. त्यांच्या जागी दोन लांब पोलादी दांड्या होत्या, आणि त्यांच्या पिळावर पुढचं सगळं वजन तोललेलं असे. मागच्या टोकाचा बोल्ट आवळला की पीळ वाढतो आणि गाडीचं नाक वर येतं. सपाट जमीन फक्त शाळेच्या अंगणात, म्हणून भाऊजींनी ते काम तिथं केलं. आधी आईची काठी मडगार्डपाशी उभी धरून तिच्यावर चाकूनं एक खाच पाडली. मग जॅकवर गाडी उचलली, चाकं लोंबती केली, बोल्ट आवळले, गाडी खाली घेतली, चाकांवर नीट बसावी म्हणून पुढेमागे ढकलली आणि पुन्हा काठी लावली. दोन्ही बाजू सारख्या चार बोटं वर आल्यावर दुसरी खाच पाडली. माही काठी काऊन खराब करून राह्यला, असं आई म्हणाली, तर ते एवढंच बोलले, "वापस खाली कराची हाय. शेठची गाडी हाय, आपली नाई."

नागपूरला जाताना आणि येताना आई पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसली होती. भाऊजींना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

परतल्यावर गाडीची उंची उतरवायला ते पाना घेऊन खाली शिरले, तोच शेठजी आले. जिथं कोणाचीच मोटार जात नाही तिथं आपली जाते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. रोहण्याकडच्या आतल्या गावांचा कापूस आता आपलाच, गाडी राहू दे अशीच, म्हणाले. एवढ्या उंचीवर चाकाचा सांधा तिरपा राहतो, झिजतो, एखाद्या फेरीपुरतं ठीक आहे, असं भाऊजींनी सांगून पाहिलं. शेठजी म्हणाले, "तू ड्रायव्हर हायेस ना? गाडी चालव." बाजारात मात्र, नागपूरच्या मिस्त्रीकडून गाडी उंच करून आणली, अशी फुशारकी.

माझा राग भाऊजींवरही आहे. बोल्ट त्यांच्या हातातले होते. स्टिअरिंग थरथरतं असं ते स्वतःच घरी सांगत. मग का नाही उतरवली? बहिणीनं विचारलं की म्हणत, नोकरी जाईल. ते खरंच होतं. पण त्या आडवाटांनी ते आमच्या माणसांना पुढच्या सीटवर बसवून नेत, आणि ते सुख त्यांना सोडवत नव्हतं. हे मला कळतं... आणि तरी मी त्यांना माफ केलेलं नाही.

शेवटी रोहण्याच्या वाटेवर, गाडी कापसानं भरलेली असताना, पुढच्या चाकाचा सांधा तुटला.

तिसऱ्या दिवशी शेठजी आले. अंगणातच उभे राहिले. बहिणीनं दिलेल्या पाण्याला हात लावला नाही. चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माही मनाई होती. गाडी त्यानंच वर केलती." तिथं असलेल्यांपैकी निम्म्यांना खरं माहीत होतं. कोणी बोललं नाही, मीही नाही. भाऊजींची आई तेवढी उठली. काठी त्यांच्यापुढे धरून तिनं खालच्या खाचेवर बोट ठेवलं. "शेठजी, हे तुमच्या गाडीची पयली उंची. वापस कराले राखून ठेवलती त्यानं." शेठजींनी घड्याळ पाहिलं आणि निघाले.

परवा आईनं काठी माझ्या हातात दिली आणि मला देवळीला धाडलं. दुरुस्त झालेली पिकअप शेठजींच्या दुकानासमोर उभी होती, सीटवर नवा ड्रायव्हर. मी काठी मडगार्डपाशी उभी धरली. त्याची कड वरच्याच खाचेला लागली.

परत आलो तेव्हा आई दारातच बसली होती. "केली का खाली?" मी काठी तिच्या हातात दिली.