बिनक्लचचा गिअरबॉक्स

आमच्या मालकांचा, म्हणजे यांचा, डावा पाय अर्धांगवायूनं गेला आणि त्यांचं गाडी चालवणं सुटलं. सांगवीत जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसून बारामतीला जायचं म्हटलं की तोंड पाडायचा. वालचंदनगरला एका रिटायर साहेबांच्या क्वार्टरमागं बिनक्लचची जुनी परदेशी गाडी पडून आहे असं कळलं, तेव्हा किती दिवसांनी हसले. डाव्या पायाला त्यात कामच नाही! इंजिन चालायचं, पण गिअर टाकला तरी गाडी जागची हलायची नाही. "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल," साहेब म्हणाले.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून घरी आणली, पुतण्यानं गिअरबॉक्स उतरवून ओट्यावर ठेवला. यांना वाकता येईना, म्हणून पाना माझ्या हातात आणि हुकूम यांचा. गाडीच्या नावावर मागवलेलं, तळाच्या तेलाच्या चेंबरला लावायचं पॅकिंग काही केल्या बसेना. मी आपली ब्लाउज शिवणारी बाई. तेलाचा चेंबर पेपरवर उपडा घातला, कडेनं पेन्सिल फिरवली आणि त्याचा फोटो पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या मिस्त्रीला पाठवला.

त्याचा फोन आला. "आजी, हा गिअरबॉक्स ह्या गाडीचा नाहीच. दुसऱ्याच कंपनीचा बसवलाय कुणीतरी."

"मग गाडी तरी कुणाची म्हणायची?" हे म्हणाले.

"तुमचीच की, आता काय!"

बरोबर सामान आलं, पण खरा घोळ पुढंच होता. आत तेलाच्या वाटांची एक जाड पाटी असते, सगळी नागमोडी, वाळवीनं खाल्लेल्या लाकडासारखी. तिच्यावरचा पत्रा मी उचलला, पाटी कलंडली आणि पोलादी गोळ्या टणाटणा परातीत पडल्या.

"अगं, कुठनं पडल्या ह्या?"

"मला काय ठावं? तुमीच म्हणला उचल."

"उचल म्हणलो, उपडी कर न्हाय म्हणलो!"

पत्र्यावर गोळ्यांनी घासून गोल चकाकते डाग पाडले होते. त्या खुणेनं बऱ्याच गोळ्या बसवल्या. शेवटच्या गोळीला मात्र दोन जागा दिसायला लागल्या. हे म्हणाले उजवीकडं, मला वाटे डावीकडं. मिस्त्रीनं तसल्याच पाटीचा फोटो पाठवला होता, त्यात तर त्या दोन्ही जागा रिकाम्याच! असं कसं, हे त्यालाही सांगता येईना. मग यांच्या मनासारखं केलं, उजवीकडं.

गिअरबॉक्स परत चढला. हे गाडीत बसले, दांडी पुढच्या गिअरला टाकली. इंजिन गुरगुरलं, गाडी ढिम्म. यांचा चेहरा उतरला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, दांडी रिव्हर्सला ओढली. एक हिसका बसला आणि गाडी निघाली की मागं! गोठा ओलांडला, शेवग्याचं झाड ओलांडलं, मी पदर खोचून समोरनं पळतेय.

"अवो, थांबा! कुठं निघाला?"

"मला काय दिसतंय? तू सांग!"

कॅनॉलच्या रस्त्याला जाऊन थांबले. गोळी चुकली, का आतला रबरी सील फाटला, का मुळातच काही तिसरं, मला अजून उमगलेलं नाही. सगळं परत उघडायचं या विचारानं मी तर खालीच बसले. हे मात्र स्टेअरिंग सोडीनात.

"ट्रॅक्टर आणायला सांगते, ओढून न्यायला."

"सांग की, पण सावकाश," हे म्हणाले. "बसू दे मला हितं."