एका कुंडीतली रोपं

बाजारातून आणलेला एक गावठी टोमॅटो इतका चवीचा निघाला की त्याच्या बिया धुऊन, वाळवून मी गॅलरीतल्या कुंडीत टाकल्या. आठवड्याभरात सगळ्याच उगवल्या, दाट, एकमेकींना खेटून.

शेजारच्या मालतीवहिनी बघून म्हणाल्या, "भाऊजी, एकच रोप ठेवा. बाकीची उपटून टाका, नाहीतर एकालाही फळ धरायचं नाही."

मला ते पटलं. एक रोप मुळासकट काढून मी त्यांना दिलंही. मग दुसऱ्याला हात घातला आणि थांबलो. माझी बायको, सुमन, गेल्यापासून या घरात मी एकटाच असतो. संध्याकाळी एकट्यापुरता भात लावताना जे वाटतं, ते त्या उरणाऱ्या रोपाच्या वाट्याला यावं असं काही वाटेना. राहू देत सगळी, म्हटलं.

रोपं उंच वाढली, पिवळी पडली, एकमेकांच्या अंगावर रेलली. थोडी फुलं आली, तीही गळून गेली.

काल मालतीवहिनी वाटीभर टोमॅटो घेऊन आल्या. लालबुंद, उन्हाने अजून कोमट असलेले.

"तुम्ही दिलेल्या रोपाचे," त्या म्हणाल्या.

"बसा ना, चहा टाकतो."

"नको हो, भाजी गॅसवर आहे," म्हणत त्या गेल्यासुद्धा.

दारातच उभं राहून मी एक टोमॅटो खाल्ला. आंबटगोड रस मनगटापर्यंत ओघळला.

"छान झालेत हं," मी रिकाम्या जिन्याकडे बघत म्हणालो, आणि दार लावून घेतलं.