आठचा चौकोन आणि दोनचा चौकोन

चहाला आधण आलं होतं, सासूबाई भिंतीला टेकून खोकत होत्या, आणि काकू स्टुलावर चढून भिंतीवर कापडाचा एक चौकोन टोचत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. फटींत ओले टॉवेल कोंबलेले, ते काढल्याशिवाय दार उघडेना.

"आले, आले! दार मोडू नका, धूर त्याचीच वाट बघतोय!"

दारात दवाखान्यातल्या सिस्टर. तोंडाला मास्क, काखेत चादरींचं गाठोडं.

"काकू, या परत आणल्यात. डॉक्टर म्हणतात, अंगावर घेतल्या की शेकोटीजवळ झोपल्यासारखं वाटतं."

"खरंय त्यांचं. परवापर्यंत बाहेर वाळवत होते. द्या इकडे, आता घरात दोरी बांधलीय."

दवाखान्याच्या चादरी धुणं हे काकूंचं बावीस वर्षांचं काम. गावात त्यांना 'पंचनामा काकू' म्हणत. साधी बादली गळायला लागली तरी कुठून, कधीपासून आणि आधी का नाही, याचा छडा लागेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. डोंगरावरचं जंगल पेटून बारा दिवस झाले होते. पहिल्यांदा चादरी करड्या निघाल्या तेव्हा काकूंनी साबणाला धारेवर धरलं. तीन साबण बदलले, दुकानदाराशी हुज्जत घातली. मग एके दिवशी एक चादर बादलीतच राहिली, ती सकाळऐवजी दुपारच्या जेवणानंतर वाळत घातली, आणि ती बऱ्यापैकी पांढरी निघाली! साबण तोच, पाणी तेच, दोरी तीच. झालं, काकूंच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

"आणि हे काय?" सिस्टर भिंतीकडे बघतच राहिल्या. कापडाचे चौकोन, ओळीने, प्रत्येकाखाली पेन्सिलीने तारीख आणि वेळ.

"माझे अभ्रे!" सासूबाई खोकत म्हणाल्या. "फाडून भिंत सजवली, आणि मला सांगते, डोकं टेका!"

"एकच अभ्रा होता, आई. तोही विरलेला." काकूंनी सिस्टरना जवळ ओढलं. "ओला चौकोन दोन तास बाहेरच्या दोरीवर, मग भिंतीवर. हा आठचा. हा दोनचा. आणि हा कपाटात ठेवलेला, म्हणजे मूळचा रंग कळतो."

सिस्टरनी आठच्या चौकोनावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"पण रेडिओवर तर सांगतात, सकाळची हवा बरी."

"रेडिओवाल्यांचं हवा मोजायचं यंत्र कुठे आहे?"

"शहरात. डोंगरापलीकडे."

"मग ते शहराच्या नाकाने सांगतायत. आपली नाकं खोऱ्यात आहेत."

सिस्टर हसल्या, पण नजर भिंतीवरून हटेना. "दुपारी हा धूर जातो तरी कुठे?"

"तेच शोधत होते! रात्री गार हवा खाली बसते, तिच्याबरोबर धूरही. उन्हं चढली की दोघं उठतात. आठ वाजता मला समोरचं झाड दिसत नाही, दोन वाजता डोंगराचा कडा दिसतो. दोनचाही पांढरा नाहीच म्हणा, पिवळट आहे. पण आठच्यापेक्षा बरा. रोज."

सासूबाईंना पुन्हा उबळ आली. काकूंनी पाठीवरून हात फिरवला, पाण्याचा पेला पुढे केला.

"वाफ चालू आहे ना यांची?" सिस्टरनी विचारलं.

"रोज आठला दवाखान्याची गाडी न्यायला येते. तिथे उघड्या ओसरीवर तासभर रांग. वाफेने जरा उतार पडतो, आणि घरी येईपर्यंत पुन्हा धाप. काल उंबरठ्यावरच बसल्या, उठवेना."

"नेताना बसवतात आणि आणताना उचलतात," सासूबाई म्हणाल्या.

सिस्टरनी घड्याळ पाहिलं. साडेसात. गाडी अर्ध्या तासात येणार होती.

"डॉक्टरांना हे चौकोन दाखवते. आणि काय सांगू? इथेही तसं यंत्र बसवा म्हणून अर्ज करायचा? सही देता?"

काकूंनी आठचा आणि दोनचा चौकोन भिंतीवरून काढले, घडी केली आणि सिस्टरच्या हातात दिले.

"अर्ज मागाहून बघू. आज एवढंच करा, सिस्टर. आमच्या सासूबाईंना वाफेसाठी आठऐवजी दोनला बोलवा."