खाली नाव आणि तारीख

टिप्पणीकाका मोबाईलवरच्या मेसेजखाली सही करायचे. पूर्ण नाव, त्याखाली 'माधवगंज, लष्कर' हा ग्वाल्हेरमधला पत्ता आणि त्याखाली तारीख. मेसेजवर तारीख आपोआप पडते, हे मी त्यांना चारदा समजावून सांगितलं. "ती मशीननं घातली. मी कुठे घातली?" असं म्हणून पाचव्यांदाही त्यांनी ती घातलीच.

हा सगळा नोकरीचा परिणाम. मध्य भारत राज्य असताना ते ग्वाल्हेरच्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि वर्षभरात ते राज्यच मध्य प्रदेशात विलीन झालं. राजधानी भोपाळला गेली. फायली पेट्यांत भरायचं काम काकांकडे आलं. तेव्हा त्यांच्या साहेबांनी बजावलं होतं, "टिप्पणी अशी लिही की भोपाळला पेटी उघडणाऱ्याला कळली पाहिजे. त्याला ना तुझा चेहरा दिसणार, ना तुझे हातवारे." साठ वर्षांनी काका हेच आम्हाला ऐकवत. "ग्रुपवरचे सगळे भोपाळला बसलेत असं समजून लिहा रे!"

आमचा ग्रुप गणेशोत्सवाचा. माधवगंजचं मंडळ आणि सिटी सेंटर या नव्या वस्तीतलं मंडळ, दोन्हीकडची माणसं आटत चालली म्हणून दोन्ही एक करायची टूम निघाली. काकांनी लिहिलं, "माझ्या आयुष्यातलं हे तिसरं विलीनीकरण. आधी ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात गेलं, मग मध्य भारत मध्य प्रदेशात; दोन्ही वेळी मला कुणी विचारलं नाही. या वेळी विचारलं आहे, तरी सर्वांनी नीट उत्तर द्यावं." त्यावर वीस-पंचवीस जणांनी हात जोडले आणि एकानं गुलाबाचं फूल पाठवलं. उत्तर कुणीच दिलं नाही.

जे समोरच्याच्या दारात उभं राहून वाचता येणार नाही ते लिहू नये, हा त्यांचा दुसरा नियम. सिटी सेंटरच्या एका उत्साही कार्यकर्त्यानं लिहिलं, की माधवगंजवाले बैठकीला फक्त चहापुरते येतात. दुसऱ्या दिवशी काका सवारीच्या टेम्पोनं त्याच्या दारात हजर. "हे जरा मोठ्यानं वाचून दाखवा." त्यानं अर्धं वाक्य वाचलं, कान लाल झाले, आणि "बसा न काका, चाय आणतो" म्हणत तो आत पळाला. चहा आला, पण काकांनी घेतला नाही. म्हणाले, "नको. चहापुरता आलो असं व्हायला नको."

अशा माणसाला ग्रुपवर ठेवणं म्हणजे डोकेदुखीच. आम्ही त्यांना वगळून दुसरा एक ग्रुप काढला. तिकडे हसायचं आणि इकडे हात जोडायचे.

उत्सव सिटी सेंटरला करायचं ठरलं आणि प्रश्न आला शालूताईंचा. माधवगंजात चाळीस वर्षं आरतीचा पहिला सूर त्यांनीच उचललेला, पण आता गुडघे गेलेले. 'शालूताईंशिवाय आरती? कल्पनाच करवत नाही!' असे मेसेज धो धो आले. मीही लिहिलं, 'ताई, काळजी नसावी, आम्ही आहोत!' लगेच काकांचा मेसेज: 'विषय: शालूताईंना आरतीस नेणे-आणणे. मुदत: दहा दिवस. कोण नेणार, किती वाजता? खाली नाव लिहावे.' पुन्हा सगळ्यांनी हात जोडले. त्यातला एकही हात स्टिअरिंगवर नव्हता. दुसऱ्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'ताईंना व्हिडिओ कॉल लावून द्या', आणि मी खाली हसरा चेहरा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. चष्मा लावून त्यांनी वाचलं, "आम्ही आहोत." मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "आम्ही म्हणजे किती जण?"

"काका, ते आपलं म्हणायचं असतं न..."

"ती खरं मानून बसलीय, अवी. काल तिनं दोन नऊवाऱ्या इस्त्रीला दिल्या."

आतून माझी मुलगी ओरडली, "बाबा, मना कर दो ना! ऑफिसनंतर रोज कौन जाएगा?"

काका खूश झाले. "ही बघ, स्पष्ट बोलणारी. हिला ग्रुपवर घे."

दहा दिवस गाडी मीच चालवली. शालूताई पुढच्या सीटवर बसून मला गिअर कधी बदलायचा ते सांगत, काका मागे. एकदा न राहवून मी त्या दुसऱ्या ग्रुपचं कबूल करून टाकलं. "ठाऊक आहे," काका म्हणाले. "तिकडे तरी खरं लिहिता का?" तेवढ्यात शालूताईंनी गिअर बदलायला सांगितलं.

त्या थंडीत काका गेले. त्यांचे मेसेज न उघडणाऱ्यांनीही ग्रुपवर पानपानभर लिहिलं. 'काकू, आम्ही आहोत' हे तर मोजता येणार नाही इतक्या वेळा आलं. मीही तेच टाइप केलं आणि मग स्वतःचीच लाज वाटून पुसलं. नव्यानं लिहिलं, पण पाठवलं नाही. माधवगंजला गेलो आणि काकूंच्या दारात उभा राहून वाचलं, "विषय: काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणे. वार गुरुवार. वेळ साडेदहा." खाली माझं नाव वाचलं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "गुरुवारी माझा उपास असतो. शुक्रवारी ये."

मी दारातच गुरुवार पुसून शुक्रवार केला.

"आणि तारीख?" त्या म्हणाल्या.

तारीख मी घातली होती. तीही मी मोठ्यानं वाचली.