शेवटच्या अक्षराची जागा

वळसंगच्या पिठाच्या गिरणीवरची पाटी मी रंगवली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, आणि वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, हाताखाली चार महिने ब्रश धरला म्हणजे आपण पेंटर झालो, अशी माझी पक्की समजूत होती. आण्णा म्हणाले, "आदी खडूनं मांडून घे." मी हो हो म्हटलं आणि मांडलं नाही. पहिला 'पि' असा काही दणदणीत काढला की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली. 'ठा'ही तसाच ऐसपैस. 'गिरणी'पाशी येईपर्यंत पाटीच संपत आली. शेवटचा 'णी' बिचारा अंग चोरून चौकटीवर चढून बसला.

आण्णांनी तो मला पुसू दिला नाही. गिरणीवाल्याला हात जोडून म्हणाले, "वरीसभर ऱ्हाऊ द्या. पोरगं येता-जाता बगंल." वर्षभर मी त्या 'णी'कडे बघितलं आणि वर्षभर गावानं माझ्याकडे.

आण्णांची रीत उलटी होती. ते आधी शेवटच्या अक्षराची जागा आखायचे, मग मधल्याची, आणि मग कुठं सुरुवातीला यायचे. "सुरवातीला समद्यांलाच जोर असतो," म्हणायचे. "शेवटच्या अक्षराला बी माणसावानी बसाया जागा लागती की." एक अक्षर रंगवून झालं की ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवायचा आणि रस्ता ओलांडून पलीकडे जायचं. तिथून डोळे बारीक करून बघायचं, कुणी भेटलं तर दोन शब्द बोलायचे, मग परत यायचं. मी रंगवत असलो की ते पलीकडूनच ओरडायचे, "बसलं!" काहीच ओरडले नाहीत, तर मी मुकाट्यानं फडकं हातात घ्यायचो.

यांचा निम्मा दिवस रस्त्याच्या पलीकडेच जातो, असं मला तेव्हा वाटायचं. चीडही यायची. तरी पाट्या वेळेवर व्हायच्या. वर आण्णा गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे, जयंतीला देखावा उभा करायचे, शेजाऱ्यांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसायचे. पण त्यांना धाप लागलेली मी कधी पाहिली नाही.

ही सगळी वेडं मला वारशात मिळाली. रस्ता ओलांडायची अक्कल तेवढी मिळाली नाही. फ्लेक्स आले, पाट्यांचा धंदा बसला, मला सोलापुरात नोकरी लागली, आणि जे हातातून सुटलं होतं ते चार बाजूंनी परत आलं. चित्रं, बासरी, कविता, हौशी नाटक. एखाद्या सोमवारी मी पहाटे उठून बासरी घ्यायचो. ऑफिसला जायच्या आधी एक स्केच, जेवणाच्या सुट्टीत कविता, संध्याकाळी तालीम. आठ-दहा दिवस अंगात आल्यासारखं चालायचं. मग पाठ धरायची, घसा बसायचा, आणि पुढचे पंधरा दिवस कुणी नुसतं 'बासरी' म्हटलं तरी मी खेकसायचो. अर्धवट चित्रं कपाटामागं जायची. ती मला आवडायची नाहीत असं नाही. उलट ऑफिसात बसल्या बसल्या त्यांची इतकी आठवण यायची की जीव तुटायचा. घरी गेल्यावर मात्र त्यांच्याकडे बघायची लाज वाटायची.

बायको एकदा आण्णांसमोरच म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

आण्णा बशीतून चहा पीत होते. "चिंद्यांचीच वाकळ हुती की, पोरी," ते म्हणाले. "पन शिवनारानं एका जागी बसाया पायजे."

ती हसली. मी दोघांवरही रुसलो.

तीन वर्षांपूर्वी वळसंगच्या बुद्धविहारात पोरांसाठी वाचनालय करायचं ठरलं. पाटीचं काम आण्णांनी मागून घेतलं. तोवर त्यांचा हात थरथरायला लागला होता. मला फोन केला, "ह्या आयतवारी ये. दोघं मिळून करू. लई दिस झालं, तुजा हात बगितला न्हाय."

मी येतो म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. त्या रविवारी तालीम निघाली. पुढच्या रविवारी मित्रांबरोबर चित्रांचं प्रदर्शन होतं. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, पण आठवडाभर इतका पळालो होतो की दुपारपर्यंत झोपूनच राहिलो. माझा रविवार म्हणजे गिरणीवरचा 'णी' झाला होता. आण्णा एकदाही रागावले नाहीत. "आसू दे, पाटी कुटं पळून चालली?" एवढंच म्हणायचे.

पाटी पळाली नाही. थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि आण्णाच चार दिवसांत गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर विहाराची झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला आत बोलावलं. कपाटाच्या आडून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी काढून समोर ठेवली. आण्णांनी शेवटची तीन अक्षरं सोडून सगळं रंगवलं होतं. अक्षरांच्या कडा जरा हलल्या होत्या, पण उंची सगळ्यांची एकसारखी. उरलेल्या तिघांची जागा खडूनं आखलेली होती. ती जागा मात्र भलतीच मोठी होती. तिथं चार अक्षरं आरामात मावली असती. आण्णांचा अंदाज असा चुकलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

"हात थरथरत होता ना, म्हणून चुकलं असेल," मी म्हटलं.

"चुकलं न्हाय," मावशी म्हणाल्या. "मी बी इचारलं हुतं की त्येस्नी. म्हनले, हितनं पुडं पोरगं येऊन करनार हाय. त्याला सदा घाई. घाईत त्याचं अक्षर मोटं हुतंय, म्हनून जागा जादा ठिवली."

मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो. इतके दिवस दवाखान्यात, घरी, माणसांत जे आलं नव्हतं ते सगळं त्या पाटीपुढं आलं. मावशींनी पाणी आणून बाजूला ठेवलं.

तीन अक्षरं म्हणजे तासाभराचं काम. मी त्याला तीन रविवार लावले. पाटी विहाराच्या भिंतीला टेकवून एका रविवारी एकच अक्षर. ब्रश रॉकेलमध्ये ठेवायचा, रस्ता ओलांडायचा, पलीकडून बघायचं, परत यायचं. पहिल्या रविवारी तर मी इतका खुळा, की अक्षर संपल्यावर ब्रश हातात धरून पलीकडच्या हाकेची वाट बघत उभा राहिलो.

आठवडा मांडताना आता मी आधी रविवारची जागा आखतो, मग मागं येतो. बासरी दोन सकाळी, चित्र एका संध्याकाळी. नाटक सोडलं. ते मला अजून सलतं. कुठं तालमीचा आवाज आला की पाय आपोआप तिकडे वळतात. शहाणा झालो असं काही नाही. अजूनही अधूनमधून अंगात येतं, आणि अजूनही पाठ धरते.

तर त्या तिसऱ्या रविवारी पाटीचं शेवटचं अक्षर झालं. मी रस्ता ओलांडला आणि आण्णांसारखे डोळे बारीक करून पाहिलं. सगळी अक्षरं एका मापाची बसली होती, आणि शेवटच्या अक्षरानंतर उजवीकडे चांगली वीतभर जागा मोकळी उरली होती.

"तितं एकादं फूल काड की," मावशी दारातून म्हणाल्या. "लई मोकळं दिसतंय."

पूर्वीचा मी असतो तर फूल, पान, पाखरू सगळं काढून मोकळा झालो असतो.

"राहू दे, मावशी," मी म्हटलं आणि तिथंच उभा राहिलो. उन्हं कलली तरी मला कुठं जायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कसली घाई नव्हती, आणि ते बघायला आण्णा नव्हते.